ॲक्युपंक्चर नेमकं कसं काम करतं? सुईमागचं जीवशास्त्र

कंबर महिनोन्महिने दुखतेय, गोळ्या खाऊन पोट बिघडलंय, आणि कोणीतरी सुचवतं, "एकदा ॲक्युपंक्चर करून बघ." पण बारीक सुया टोचून दुखणं कमी कसं होणार?

पारंपरिक चिनी वैद्यकानुसार शरीरात 'ची' नावाची ऊर्जा मेरिडियन या मार्गांनी वाहते आणि सुई तिच्यातला अडथळा दूर करते. शरीररचनाशास्त्राला असे मार्ग सापडलेले नाहीत. म्हणून संशोधकांनी प्रश्न वेगळा विचारला: सुई टोचल्यावर शरीरात प्रत्यक्ष काय घडतं? आतापर्यंत पुढे आलेली मुख्य उत्तरं बघूया.

१. मज्जारज्जूतलं 'गेट'

कोपर आपटलं की आपण लगेच ते चोळतो आणि बरं वाटतं. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी याचं कारण सांगणारी गेट कंट्रोल थिअरी मांडली. स्पर्शाचे सिग्नल जाड मज्जातंतूंमधून येतात आणि वेदनेचे सिग्नल मज्जारज्जूतच काही प्रमाणात अडवतात. सुईचं उद्दीपनही असंच काम करत असावं. मात्र सुई काढल्यावर टिकणारा आराम एवढ्यावरून समजत नाही.

२. शरीरातली वेदनाशामकं

एंडॉर्फिन म्हणजे शरीराने स्वतः तयार केलेलं मॉर्फिनसारखं रसायन. नॅलॉक्झोन हे औषध त्याचा परिणाम रोखतं. १९७७ मध्ये दाताच्या वेदनांवरच्या एका प्रयोगात ॲक्युपंक्चरने आलेला आराम नॅलॉक्झोन देताच कमी झाला. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत मात्र हा निकाल तसाच आला नाही. बीजिंगचे हान जिशेंग यांनी सुयांमधून सौम्य वीजप्रवाह सोडून पाहिला. २ हर्ट्झला प्रामुख्याने एन्केफॅलिन आणि १०० हर्ट्झला डायनॉर्फिन, अशी वेगवेगळी रसायनं स्रवतात असं त्यांना दिसलं.

३. ॲडेनोसिन

२०१० मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात माईकन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांच्या गुडघ्याजवळ सुई टोचून फिरवली. तिथल्या ऊतीत ॲडेनोसिन वाढलं आणि वेदना कमी झाल्या. ज्या उंदरांमध्ये ॲडेनोसिनचा ए१ रिसेप्टर नव्हता, त्यांना काहीच फरक पडला नाही. पण उंदराच्या पायाच्या मानाने ती सुई खूपच मोठी असते, हे विसरून चालणार नाही.

४. सुईभोवतीची ऊती

सुई फिरवताना ती आतून धरून ठेवल्यासारखी वाटते. हेलेन लॅंजेविन यांच्या संशोधनानुसार त्वचेखालच्या संयोजी ऊतीतले कोलॅजेनचे तंतू सुईभोवती दोऱ्यासारखे गुंडाळले जातात. त्यामुळे आजूबाजूच्या पेशी ताणल्या जातात.

५. व्हेगस मज्जातंतू

२०२१ मध्ये हार्वर्डच्या चिउफू मा यांच्या गटाने उंदरांच्या मागच्या पायाला सुईतून सौम्य वीजप्रवाह दिला. तो सिग्नल व्हेगस मज्जातंतूमार्फत अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोहोचला आणि शरीरातला दाह कमी झाला. तेवढाच प्रवाह पोटावर दिल्यावर हा मार्ग सुरू झाला नाही. म्हणजे इथे जागेला महत्त्व होतं, पण त्याचं कारण तिथल्या खोल ऊतीतले विशिष्ट मज्जातंतू हे होतं.

मग 'खोटी' सुई का चालते?

खरी गोची इथे आहे. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २००७ मध्ये आले. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना फायदा झाला, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के. म्हणजे सुया टोचून घेणाऱ्यांना आराम जास्त पडला, पण सुई कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही.

मग बाकीचा आराम अपेक्षेतून, म्हणजे प्लासिबोमुळे आला का? त्यात मोठा वाटा असू शकतो. आणि प्लासिबो म्हणजे 'नुसते मनाचे खेळ' असंही नाही. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरच्या अभ्यासात प्लासिबोने मिळालेला आरामही नॅलॉक्झोनने रोखला गेला. त्यामुळे एंडॉर्फिन सापडलं एवढ्यावरून 'पॉइंट' खरे ठरत नाहीत. लॉगमध्ये एखादी नोंद दिसली म्हणजे बग तिथेच आहे असं नसतं, तसंच हे.

थोडक्यात काय?

सुईला शरीर प्रतिसाद देतं, हे पक्कं. या प्रतिसादांपैकी रुग्णाला आराम नेमका कशामुळे मिळतो, आणि त्यात अपेक्षेचा वाटा किती, हे अजून ठरलेलं नाही. 'ची' आणि मेरिडियन मात्र यातल्या कुठल्याच प्रयोगाने सिद्ध होत नाहीत.

जुनाट कंबरदुखीसाठी करून बघायचं असेल, तर आधी डॉक्टरांकडून निदान करून घ्या. पाय बधिर होत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर सुयांच्या नादात वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा, आणि सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची आहे ना, हे विचारायला लाजू नका. आणि हो, कोणी ॲक्युपंक्चरने कॅन्सर बरा करतो म्हणालं, तर वरच्या पाचपैकी एकही यंत्रणा त्या दाव्याला आधार देत नाही.