दहा दिवसांचे अंतर

केंद्रीय अर्थ मंत्रालयाची 22 डिसेंबर 2003 ची अधिसूचना आकाराने लहान आहे. 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या सेवेत नव्याने येणाऱ्यांना, सैन्यदले वगळता, जुनी पेन्शन आणि सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधी मिळणार नाही, एवढे ती स्पष्ट सांगते. कर्मचाऱ्याने मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 10 टक्के भरायचे, सरकारने तितकेच घालायचे. साठाव्या वर्षी जमलेल्या रकमेच्या किमान 40 टक्क्यांची वार्षिकी घ्यायची. पेन्शन किती बसेल, याचा आकडा कुठेच नाही.

हे सारे कशासाठी, याचा खुलासा मात्र तिच्यात सापडत नाही. पहिल्याच वाक्यात 2003-04 च्या अर्थसंकल्पातील घोषणेचा आणि 23 ऑगस्ट 2003 च्या मंजुरीचा हवाला आहे. खर्चाबद्दल अवाक्षर नाही. त्यासाठी मागे जावे लागते. 2001 च्या अर्थसंकल्पानंतर बी. के. भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला गेला. फेब्रुवारी 2002 च्या त्याच्या अहवालाचा कल मिश्र योजनेकडे होता: काही भाग हमीचा, काही भाग अंशदानाचा. अधिसूचनेत हमीचा भाग उरला नाही. तो कोणी, का वगळला? पाचव्या वेतन आयोगानंतर पेन्शनचा बोजा वाढला होता आणि हमी म्हणजे पुढच्या पिढ्यांवरचे देणे, हे कारण असावे. हा माझा तर्क आहे. अधिसूचनेच्या मजकुरात त्याला आधार नाही.

बचतीचा हिशेब मात्र तर्काचा नव्हे. जुन्या पेन्शनसाठी वेगळा निधी नव्हता; ती चालू महसुलातून दिली जाई. नव्या पद्धतीत जुन्यांची पेन्शन चालूच राहिली आणि वर नव्यांच्या खात्यात 10 टक्के पडू लागले. म्हणजे पहिली कित्येक वर्षे खर्च घटण्याऐवजी वाढणार. कपात दिसायची ती 2004 ची भरती निवृत्त होऊ लागेल तेव्हा. तोवर सरकारी वाटाही जागेवर राहिला नाही: 1 एप्रिल 2019 पासून तो 14 टक्के झाला.

अधिसूचनेचे दुसरे मौन अधिक गंभीर आहे. 2004 मध्ये रुजू झालेला कर्मचारी सेवेत असताना वारला किंवा अपंग झाला, तर काय? तिच्यात उत्तर नाही. कार्मिक खात्याचे 5 मे 2009 चे ज्ञापन अशा कुटुंबांना जुन्या नियमांचे लाभ देते, तेही तात्पुरते म्हणून. उपदानाचा निर्णय 26 ऑगस्ट 2016 चा. मधल्या काळात अशी किती कुटुंबे होती आणि ती कशी भागवत होती, हे या कागदांतून कळत नाही. त्या कुटुंबांचे अर्जच ते सांगू शकतील.

आता तारखा पाहा. अधिसूचना 22 डिसेंबरची, अंमल 1 जानेवारीपासून. मध्ये दहा दिवस. महाराष्ट्राने तेवढेही ठेवले नाहीत. परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजनेचा शासन निर्णय 31 ऑक्टोबर 2005 चा, लागू 1 नोव्हेंबरपासून. पण सरकारी भरती जाहिरात, परीक्षा, निवड, नेमणूक अशी रेंगाळत होते. जुन्या पेन्शनच्या काळात जाहिरात वाचून अर्ज केलेले अनेकजण रुजू झाले ते नव्या नियमांत. त्यांचा दोष एवढाच, की नेमणूकपत्र उशिरा निघाले. पुढे न्यायालयीन निकालांच्या पाठोपाठ केंद्राचे 3 मार्च 2023 चे ज्ञापन निघाले. त्याने पद 22 डिसेंबर 2003 पूर्वी जाहीर झालेल्यांना जुनी पेन्शन निवडण्याची एक संधी दिली. तारीख अंमलाची धरली नाही, अधिसूचनेची धरली, हे लक्षात घ्या. नियम कळल्यावर ज्याने अर्ज केला त्याने तो पत्करला, अशी मांडणी त्यामागे दिसते. महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीच्या जाहिरातींसाठी असाच विकल्प दिला तो 2 फेब्रुवारी 2024 ला, जुन्या पेन्शनसाठी झालेल्या मार्च 2023 च्या राज्यव्यापी संपाला वर्ष होत आले तेव्हा.

24 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली: अंशदान कायम, पण 25 वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारली. भट्टाचार्य गटाची तपशीलवार मांडणी वेगळी होती, पण हमी आणि अंशदान एकत्र ठेवण्याचा त्याचा सल्ला मान्य व्हायला बावीस वर्षे लागली.