सरहद्दीपलीकडची पदवी

उदगीरच्या एका जुन्या वाड्यात मला उस्मानिया विद्यापीठाची सनद पाहायला मिळाली. मजकूर उर्दूत, घरात तो वाचणारे आता कुणी नाही. पदवीधराचा पणतू किरगिझस्तानातून डॉक्टर होऊन आलेला, पुढ्यात परीक्षेची पुस्तके मांडून बसला होता. “काका, हिची किंमत काय होती हो?” त्याने विचारले.

सरहद्दीच्या कुठल्या बाजूला विचारता, यावर ती किंमत ठरे. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात. सोलापूर इंग्रजांचे.

उस्मानिया १९१८ साली निघाले. पदवीपर्यंतचे शिक्षण उर्दूतून, आणि त्यासाठी शास्त्रांची पुस्तके भाषांतरित करायला ‘दारुल तर्जुमा’ हे स्वतंत्र खाते. देशी भाषेतून एवढा खटाटोप तेव्हा कुणीच केला नव्हता. आपण मराठवाड्यातले लोक याबद्दल रागानेच बोलतो, आणि राग खोटा नाही: मराठी मुलाला ही देशी भाषाही परकीच होती. पण त्याच हैदराबाद शहरातले निजाम कॉलेज १८८७ पासून मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते, ते थेट १९४७ पर्यंत. तिथे शिक्षण इंग्रजीतून, पदवी मद्रासची. म्हणजे एकाच राजधानीत दोन नाणी. एक दरबारी नोकरीत खणखणणारे, दुसरे इंग्रजी मुलखातही वटणारे. हा भेद सरकारने स्वतःच पोसला, असे माझे मत आहे.

कुणाची परीक्षा समकक्ष मानायची, हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवी. तो घोळ कमी व्हावा म्हणून १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झाले. परदेशी पदव्यांना समकक्षतेचा दाखला देत आलेला भारतीय विद्यापीठ संघ तो हाच, नाव बदललेला.

खरी कसोटी १९३८ साली लागली. वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी झाली, औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी संप केला आणि शेकडो मुलांची नावे कमी झाली. पदवीचे सोडाच, अर्धवट राहिलेली वर्षे कोण धरणार? नागपूर विद्यापीठाने दार उघडले. टी. जे. केदार तेव्हा कुलगुरू होते. पी. व्ही. नरसिंह राव हे त्या मुलांतलेच एक. मान्यता अभ्यासक्रम ताडून मिळते, असे आपण समजतो. इथे ती कुणीतरी मनावर घेतले म्हणून मिळाली.

मी ही हकिकत पणतूला सांगितली. डॉक्टरीच्या पदवीला विद्यापीठ संघाचा दाखला पुरत नाही. २००२ पासून बाहेर शिकून आलेल्यांना चाळणी परीक्षा द्यावी लागते. ३०० प्रश्न, १५० गुणांना उत्तीर्ण. तो दोनदा थोडक्यात हुकला होता.

“नागपूरला त्यांची परीक्षा घेतली होती का हो आधी?” त्याने विचारले, आणि सनद पुन्हा फडक्यात गुंडाळून आजीकडे दिली.