खेचरावरचे इस्पितळ

श्रोतेहो, इगतपुरीच्या फलाटावर देवळालीच्या छावणीतले जवान नेहमी दिसतात. यातला एखादा आघाडीवर जखमी झाला, तर त्याला पहिला हात लागतो तो बहुधा डॉक्टरचा नव्हे, उपचार शिकलेल्या साध्या शिपायाचा. त्या शिपायाला काय शिकवायचे, हा प्रश्न जुना आहे, आणि एका सोलापूरकराने त्यापायी देह ठेवला.

१ सप्टेंबर १९३८ रोजी काँग्रेसने पाठविलेले पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने चीनकडे निघाले. जपानची स्वारी चालू होती. पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, अन् सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, वय अवघे सत्तावीस. बाकीचे पुढेमागे परतले. कोटणीस राहिले.

त्या डोंगराळ मुलखात डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. मग खेड्यातली पोरे गोळा करायची, त्यांना जखम धुणे, रक्त थांबविणे, मोडले हाड फळीला बांधणे शिकवायचे आणि पलटणीत धाडायचे. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनी हे काम तेथे नेटाने चालविले. शस्त्रक्रियेचे सामान खेचरावर लादून नेण्याची त्यांची युक्ती प्रसिद्धच आहे. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, विष अंगात भिनले, आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावच्या इस्पितळाचे कोटणीस १९४१ च्या जानेवारीत प्रमुख झाले. ते चिनी भाषा शिकले आणि वर्गात चिनीतूनच शिकवू लागले. शिक्षकबंधूंनो, ही गोष्ट सोपी नाही हो! शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहिले. दुसरे अर्धे राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने ते वारले. वय बत्तीस.

पोटात आत होणारा रक्तस्राव मात्र त्यांच्या शिष्यांना दिसत नसे. नाडी आणि चेहरा पाहून अंदाज बांधायचा, एवढेच. १९५८ साली ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटाच्या आतले चित्र कसे मिळते ते जगापुढे मांडले. आज ते सोनोग्राफीचे यंत्र खिशात मावते, आणि अमेरिकेच्या सैन्याने खास पथकांतल्या वैद्यकीय शिपायांनाही ते शिकविले आहे. हृदयाभोवती, यकृताजवळ, प्लीहेजवळ आणि ओटीपोटात पाहायचे. जखमीच्या पोटात काळा पट्टा दिसला की रक्त साचल्याचा संशय, त्याला आधी हलवायचे.

आपल्याकडे मात्र हेच यंत्र मुलगी नको म्हणणाऱ्यांच्या हाती पडले. म्हणून १९९४ च्या कायद्याने त्यावर नोंदणीचा पहारा बसविला, आणि तो रास्तच होता. पण त्यामुळे ते पिशवीत घालून वाड्यावस्त्यांवर वाटेल तसे फिरवता येत नाही. कसारा घाटात मोटार उलटली, तर जखमीलाच यंत्रापर्यंत न्यावे लागते.