पारनेरचा नदीकाठ आणि पठार

पारनेर तालुक्यात सुपीक नदीकाठ आहे, पण तो तालुक्याच्या कडेकडेने आहे. सह्याद्रीतून पूर्वेकडे निघालेल्या डोंगररांगेमुळे येथील पाणी दोन दिशांना वाटले जाते : उत्तरेकडील ओढे आणि काळू नदी मुळेला मिळून प्रवरेमार्गे गोदावरीत जातात, तर दक्षिणेकडील पाणी हंगा, कुकडी आणि घोड या नद्यांतून भीमेकडे उतरते. मधल्या कान्हूर पठारावर ना पाणी ठरते, ना माती. दोन्ही खाली जातात आणि नदीकाठची शेते पोसतात.

जुन्नरच्या डोंगरात कुकडेश्वराजवळ उगम पावणारी कुकडी निघोजपाशी काळ्या बेसाल्ट खडकातून वाहते. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षे एकाच जागी फिरत राहिल्याने तेथे रांजणखळगे, म्हणजे रांजणाच्या आकाराचे खोल खड्डे, कोरले गेले आहेत. खडक पोखरणारी हीच नदी वळणाच्या आतल्या बाजूस, जेथे तिचा वेग मंदावतो, मळई टाकते. मळई म्हणजे पुराबरोबर आलेला बारीक, कसदार गाळ. अशा पट्ट्यात काठालगत बुडकी खणून, म्हणजे नदीचे पाणी झिरपून येईल असा उथळ खड्डा घेऊन, मोटेने बागाईत भिजवण्याची रीत दख्खनमध्ये जुनी आहे. महसुली भाषेत मोटेवर भिजणारी जमीन मोटस्थळ आणि पाटाच्या पाण्याची ती पाटस्थळ. मुंबई इलाख्याच्या भूमापनात मातीची खोली व पोत पाहून शेताची प्रत आण्यांत ठरवली जाई आणि त्यानुसार धारा बसे, त्यामुळे एकाच गावात ओढ्याकाठचे काळे रान आणि माळावरचे बरड यांचे अंतर दप्तरातही उमटले.

पठारावरच्या शेतकऱ्याने मात्र नदीची वाट पाहिली नाही. ओढ्याला किंवा घळीला आडवा दगडमातीचा बांध, म्हणजे ताल, घातला की दर पावसात वाहून येणारी माती त्यामागे साचते आणि काही वर्षांत सपाट, ओल धरणारे वावर तयार होते. हा माणसाने घडवलेला पूरमैदानाचा तुकडाच होय, आणि दख्खनच्या शेतीच्या इतिहासात त्याला मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही. त्याची उणीव अशी की वरची ताल फुटली तर खालच्यांवरही संकट येते. खोल काळ्या रानात हस्त नक्षत्राच्या पावसाच्या ओलीवर पाभरीने रब्बी ज्वारी पेरायची आणि हलक्या रानात बाजरी, मटकी, हुलगा घ्यायचा, अशी विभागणी मातीनेच ठरवून दिली होती.

पावसाच्या भरवशावरची ही शेती कर्जाच्या आधाराने चाले. म्हणूनच सावकारांविरुद्ध पेटलेल्या 1875 च्या दख्खनच्या दंग्यांचे लोण पारनेरपर्यंत आले. मात्र ते जेथे पेटले ते सुपे पुणे जिल्ह्यातले, पारनेर तालुक्यातले सुपे नव्हे.

1975 नंतर राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने झालेले नालाबांध, पाझर तलाव आणि समतल चर तालीच्याच तत्त्वावर उभे आहेत, फक्त माती अडवण्याबरोबर पाणी जिरवण्यावर त्यांचा भर अधिक आहे. दरम्यान कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी निघोज-अळकुटीकडील पट्ट्यात दूरच्या धरणांचे पाणी आणले, आणि उत्तरेला मुळा धरणाचा फुगवटा तालुक्याच्या सीमेशी आला. पण त्या धरणाचे कालवे खालच्या अंगाने राहुरी-नेवाशाकडे जातात, म्हणून काठावरचे पाणी पठारावर आपोआप चढत नाही.