खेळण्यांवरील शिसे : शतकभर उशिरा मिळालेला धडा

१/९
२ ऑगस्ट २००७. मॅटेल कंपनीच्या फिशर-प्राइस या शाखेने एकट्या अमेरिकेत सुमारे ९ लाख ६७ हजार खेळणी परत मागवली. एल्मो, बिग बर्ड, डोरा ही बालकांची लाडकी पात्रे त्यांत होती. कारण होते रंगातील शिसे. अनेक पालकांना हा धोका नवा वाटला. वस्तुतः १०३ वर्षांपूर्वीच एका डॉक्टरने तो लिहून ठेवला होता.

२/९
मुळात रंगात शिसे घालत कशासाठी? शिशाचे पांढरे संयुग, म्हणजेच सफेता, पृष्ठभाग उत्तम झाकतो आणि ओलाव्यात टिकतो. शिशाच्या क्रोमेटपासून झळझळीत पिवळा रंग मिळतो. मात्र हेच शिसे लहान मुलांच्या शरीरात प्रौढांच्या तुलनेत अधिक प्रमाणात शोषले जाते आणि वाढत्या मेंदूला कायमची इजा करते.

३/९
ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी १८९२ मध्येच मुलांमधील शिसेबाधेची नोंद केली होती. उगम मात्र सापडत नव्हता. १९०४ मध्ये नेत्रवैद्य जे. लॉकहार्ट गिब्सन यांनी तो दाखवून दिला. तेथील लाकडी घरांच्या व्हरांड्याचे कठडे सफेत्याने रंगवलेले असत. कडक उन्हाने रंगाची भुकटी होई, मुलांच्या हातांना लागे आणि हातांवाटे तोंडात जाई.

४/९
१९२२ मध्ये क्वीन्सलँडने मुलांचे हात पोहोचतील अशा ठिकाणी शिसेयुक्त रंग लावण्यास कायद्याने बंदी घातली. घरांतर्गत रंगकामात सफेत्याचा वापर रोखणारा आंतरराष्ट्रीय करार त्याआधीच, १९२१ मध्ये झाला होता. अमेरिकेने तो स्वीकारला नाही.

५/९
अमेरिकेत पुरावा नव्हता, असे नाही. पाळण्याचा रंग कुरतडून शिसेबाधेने दगावलेल्या बाल्टिमोरमधील एका मुलाची नोंद १९१४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तरीही १९२० च्या दशकात नॅशनल लेड कंपनी ‘डच बॉय’ या गोंडस मुलाच्या चित्राने आपला रंग विकत होती. शिशाचे गुणगान करणाऱ्या रंगवण्याच्या पुस्तिकाही तिने खास मुलांसाठी काढल्या.

६/९
अखेर १९७८ मध्ये अमेरिकेने घरगुती रंग व खेळणी यांवरील रंगातील शिशाला ०.०६ टक्क्यांची मर्यादा घातली. पण मर्यादा ठरवणे वेगळे आणि विक्रीपूर्वी प्रत्येक उत्पादनाची तपासणी सक्तीची करणे वेगळे.

७/९
हीच फट २००७ मध्ये उघडी पडली. परत मागवलेली फिशर-प्राइसची खेळणी चीनच्या फोशान शहरातील ली डेर या कारखान्यात तयार झाली होती. रंग पुरवठादारांच्या साखळीतून शिसे आत शिरले आणि माल दुकानांत पोहोचला. काही दिवसांतच कारखान्याच्या एका मालकाने आत्महत्या केली.

८/९
१४ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेत नवा कायदा झाला. त्यानुसार पुढील वर्षापासून रंगातील शिशाची मर्यादा दर १० लाख भागांत ९० भाग, म्हणजे ०.००९ टक्के झाली आणि मुलांच्या वस्तूंची त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासणी बंधनकारक ठरली. भारतानेही घरगुती व सजावटी रंगांसाठी ९० भागांचीच मर्यादा २०१६ च्या नियमांनी स्वीकारली.

९/९
या इतिहासात ज्ञानाची उणीव फारशी दिसत नाही. प्रश्न होता तो धोका सिद्ध करण्याचा भार कोणावर, हा. दीर्घकाळ तो भार आजारी पडणाऱ्या मुलावर होता. २००८ च्या कायद्याने तो उत्पादकावर टाकला. म्हणूनच या प्रकरणात खेळणी परत मागवण्यापेक्षा विक्रीपूर्व तपासणीची सक्ती अधिक मोलाची : परत मागवण्याची घोषणा होते, तेव्हा खेळणे मुलाच्या तोंडात जाऊन आलेले असते.