एका दिवसाच्या रेल्वे सहलीसाठी ऐतिहासिक गावाची निवड

॥ श्री ॥



दिवाळी आटोपली की देवस्थानच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास विचारला जातो : यंदा रेल्वेने कोठे जावयाचे? सकाळी निघून रात्री घरी परतता यावे, गाव इतिहासप्रसिद्ध असावे आणि देवदर्शनही घडावे, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. या तिन्ही गोष्टी एकत्र जुळणे वाटते तितके सोपे नाही. म्हणून आजवरच्या अनुभवावरून आमचे विचार येथे मांडीत आहोत.

प्रथम वेळेचा हिशेब. दादरा व नगर हवेलीत रेल्वेमार्ग नाही. दुधनीहून खानवेलमार्गे सिल्वासा सुमारे ४० किलोमीटर आणि तेथून वापी स्थानक आणखी १७-१८ किलोमीटर. रस्ता वळणावळणाचा. म्हणजे गाडीत पाऊल ठेवण्यापूर्वीच दीड-पावणेदोन तास खर्ची पडतात आणि परतताना तितकेच. नकाशावर जवळ दिसणारे गाव दुधनीकरास जवळ नसते, हे आम्ही एकदा चांगलेच शिकलो. त्या वर्षी आम्ही एका दिवसात तीन स्थळे ठरविली होती. तिसऱ्या ठिकाणी उशीर झाला, सायंकाळची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली आणि आमच्या वयोवृद्ध माता-भगिनींना फलाटावर पिशव्या उशाशी घेऊन रात्र काढावी लागली. दोष सर्वस्वी आमच्या नियोजनाचा होता. तेव्हापासून एक दिवस, एक गाव, असा नियम आम्ही केला आहे.

आता गावांविषयी. वापीपासून अगदी जवळ उदवाडा व संजाण ही दोन गावे येतात. पारशी समाजाच्या इतिहासात दोहोंचे स्थान फार मोठे. संजाण हे त्यांच्या आगमनाचे स्थळ, तर उदवाड्यास इ.स. १७४२ पासून त्यांचा पवित्र इराणशाह अग्नी प्रज्वलित आहे. परंतु अग्निमंदिरात पारशी नसलेल्यांस प्रवेश नाही, आणि ती त्यांची मर्यादा आपण पाळलीच पाहिजे. दुरून नमस्कार करून परतावयाचे तर एवढा खटाटोप कशास, असे मंडळींना वाटते.

सुरत सुमारे ९५ किलोमीटर. शिवछत्रपतींनी जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० अशी दोनदा स्वारी केलेले हे बंदर. तापीकाठच्या किल्ल्याचा जीर्णोद्धार होऊन तेथे संग्रहालय झाले आहे. मात्र शहर अफाट वाढले आहे, पाहण्याची ठिकाणे विखुरलेली आहेत आणि आमचा अनुभव असा की निम्मी मंडळी कापड बाजारात शिरली की पुन्हा एकत्र येत नाहीत. भरूच हे प्राचीन भृगुकच्छ. नर्मदास्नान, भृगुऋषींचे मंदिर आणि १८८१ सालचा जुना पूल, सारेच मनात भरणारे. पण अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक. भरूचला मुक्कामानेच जावे.

उरते वसई. आमचे मत निःसंशय वसईच्या बाजूचे आहे आणि त्याचे कारण केवळ सोय हे नव्हे.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांस दिली. पुढे दोनशे वर्षे ती त्यांच्या 'उत्तर प्रांता'चे मुख्य ठाणे होती. १७३७ साली मराठ्यांनी मोहीम उघडली. प्रथम ठाणे आणि साष्टी, नंतर १७३९ च्या आरंभी केळवे-माहीम, तारापूर हे किल्ले घेत चिमाजी अप्पांनी वसईस वेढा घातला. तिन्ही बाजूंनी पाणी आणि दलदल, तट अभेद्य. शेवटी सुरुंग लावून सेंट सेबास्तियन बुरूज फोडण्यात आला आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी शरणागती लिहून दिली. पराभूत सैन्यास शस्त्रांसह सन्मानाने जाऊ देण्यात आले व मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस धर्मपालनाची मोकळीक मिळाली. विजयाइतकीच ही गोष्टही आमच्या तरुण पिढीस सांगण्याजोगी आहे.

मंदिराशी संबंधित असणाऱ्या आपणा सर्वांस एका गोष्टीचे विशेष अगत्य वाटेल. वसई मोहिमेत हाती आलेल्या चर्चच्या मोठमोठ्या घंटा मराठे सरदारांनी आपल्याबरोबर नेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. भीमाशंकरी, नाशिकास नारोशंकराच्या मंदिरात, वाईजवळ मेणवलीस आजही त्या पाहावयास मिळतात. मेणवलीच्या घंटेवर तर माता मेरी व बाळ येशू यांची आकृती आहे. ज्यांनी या घंटा पाहिल्या असतील त्यांनी त्या जेथून आल्या ते गाव अवश्य पाहावे.

आता आपल्या घरची गोष्ट. पोर्तुगीजांचे 'सांताना' नावाचे जहाज मराठ्यांनी १७७२ साली पकडले. त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहान्वये १७८३ मध्ये नगर हवेलीतील गावांचे उत्पन्न पोर्तुगीजांस लावून देण्यात आले. ज्या पेशवाईने वसई सोडविली, तिनेच चव्वेचाळीस वर्षांनी आपली गावे त्याच सत्तेच्या पदरात घातली! ती सुटावयास २ ऑगस्ट १९५४ उजाडावा लागला. त्या मुक्तिसंग्रामात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांचाही सहभाग होता, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेलच. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी तह केला तोही याच वसईत. मराठ्यांच्या विजयाचे आणि उतरंडीचे, दोन्ही दाखले या एका गावी आहेत.

वापी ते वसई रोड सुमारे १२० किलोमीटर. काही गाड्या तेथे थांबत नाहीत. अशा वेळी डहाणू रोड किंवा विरारला उतरून लोकल घ्यावी. सन २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते. सकाळच्या लोकलला विरारपासून कामावर जाणाऱ्यांची तुडुंब गर्दी असते, तेव्हा ज्येष्ठांस घेऊन आठवड्याच्या मधल्या वारी जाऊ नये. रविवारी गर्दी कमी, मात्र रुळांच्या कामासाठी पुष्कळदा ब्लॉक असतो. त्याची चौकशी आदल्या दिवशी करावी. स्थानकाच्या पश्चिमेस बस व रिक्षा मिळतात. किल्ला तेथून सात-आठ किलोमीटरांवर आहे.

किल्ल्यात प्रथम नागेश्वर महादेवाचे दर्शन घ्यावे, नंतर चिमाजी अप्पांच्या पुतळ्यास वंदन करून तट व चर्चचे अवशेष पाहावेत. हे अवशेषही कोणाची तरी पूजास्थाने आहेत. तेथे बसून फराळ करणे वा भिंतींवर नावे कोरणे आपणास शोभणारे नाही. सावली बेताची, म्हणून मार्गशीर्ष ते माघ हाच काळ योग्य. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात. पाणी व जेवण बरोबर असावे.

जवळच वज्रेश्वरीचे देऊळ आहे, चिमाजी अप्पांच्या नवसामुळे प्रसिद्धीस आलेले. परंतु ते सुमारे तीस किलोमीटर दूर आहे आणि मोह होणारच. तो आवरावा. देवीच्या दर्शनासाठी स्वतंत्र दिवस काढावा, कारण चार वाजता किल्ल्याबाहेर पडले तरच सायंकाळची गाडी निवांतपणे मिळते. सहलीस येऊ इच्छिणाऱ्यांनी आपले नाव, वय आणि चालण्यास काही अडचण असल्यास तीही कार्यालयात नोंदवावी, म्हणजे रिक्षांची संख्या आधी ठरविता येईल.