कमच्छ्याची शाळा आणि मराठी घर

काशी आणि महाराष्ट्र यांच्या संबंधांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहतात ते घाट, मंदिरे आणि शास्त्रीमंडळी. श्रीशिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी १६७४ साली रायगडावर गेलेले गागाभट्ट काशीचे. श्रीविश्वनाथाचे आजचे मंदिर १७८० च्या सुमारास उभारणाऱ्या पुण्यश्लोक अहल्याबाई आपल्या. आणि झाशीच्या राणीचा जन्मही याच नगरीतला. हा वारसा थोर आहे आणि त्याचे स्मरण प्रत्येक मराठी समारंभात होते, ते योग्यच होय. परंतु मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेखणी हाती घेताना आम्हांस वाटले की, घाटापासून थोडे आत, शहराच्या मध्यभागी असलेल्या एका वास्तूकडेही वाचकांचे लक्ष वेधावे. ही वास्तू मंदिराची नव्हे, माध्यमिक शाळेची आहे. कमच्छा येथील सेंट्रल हिंदू स्कूल ही ती शाळा. परप्रांतात मुले वाढविणाऱ्या आपणांसारख्या कुटुंबांना या शाळेच्या इतिहासात घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे आमचे मत आहे.

या शाळेचे मूळ सेंट्रल हिंदू कॉलेजात आहे. डॉ. ॲनी बेझंट १८९३ साली हिंदुस्थानात आल्या आणि पुढे काशी हे त्यांच्या कार्याचे एक प्रमुख केंद्र बनले. येथील तरुणांस पाश्चात्त्य विद्या तर मिळावी, परंतु स्वतःच्या धर्माची व संस्कृतीची ओळख पुसली जाऊ नये, या हेतूने त्यांनी डॉ. भगवानदास प्रभृती सहकाऱ्यांच्या साह्याने ७ जुलै १८९८ रोजी एका भाड्याच्या घरात हे विद्यालय सुरू केले. शाळा आणि महाविद्यालय ही दोन्ही अंगे त्यात होती. काशीनरेश महाराज प्रभुनारायणसिंह यांनी कमच्छा येथे जागा दिली आणि पुढील वर्षी संस्था तेथे गेली. पहिले प्राचार्य आर्थर रिचर्डसन होते; पुढे जॉर्ज अरुंडेल यांनी शाळेची व नंतर महाविद्यालयाची धुरा वाहिली. १९०४ साली मुलींची शाळाही निघाली. त्या काळी मुलींना शाळेत पाठविण्याचे धाडस किती थोड्या घरांत होते, हे सांगावयास नको. सरकारी अनुदानाच्या ओंजळीने पाणी न पिता, देणगीदारांच्या आश्रयावर आणि काही अध्यापकांच्या विनावेतन सेवेवर हा संसार चालला, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पंडित मदनमोहन मालवीय यांनी हिंदू विश्वविद्यालयाची कल्पना मांडली, तेव्हा बेझंटबाईंनी आपले हे सिद्ध अपत्य त्यांच्या हाती सोपविले. १९१५ साली विश्वविद्यालयाचा कायदा झाला, ४ फेब्रुवारी १९१६ रोजी कोनशिला बसली, आणि नव्या विश्वविद्यालयाचे आरंभीचे वर्ग कमच्छ्याच्या याच इमारतींत भरले. महाविद्यालय पुढे नगव्याच्या विस्तीर्ण परिसरात गेले. शाळा मात्र जुन्या जागीच राहिली. आजही ती विश्वविद्यालयाच्याच छत्राखाली चालते. ज्या वर्षी विश्वविद्यालयाची कोनशिला बसली, त्याच वर्षी लोकमान्य टिळक आणि बेझंटबाई यांनी आपापल्या होमरूल लीग स्थापन केल्या, हे मराठी वाचकांस स्मरत असेलच.

शाळेची थोरवी इमारतींवर ठरत नाही, ती विद्यार्थ्यांवर ठरते. आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक डॉ. भगवानदास यांचे चिरंजीव श्रीप्रकाश. १९२० साली बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी काशीत ‘आज’ हे हिंदी दैनिक काढले, त्याच्या संपादनाची पहिली धुरा त्यांच्याकडे होती. पुढे ते मुंबई राज्याचे राज्यपाल झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा मंगल कलश आला तेव्हा राज्यपालपदी हेच काशीकर होते. म्हणजे आपल्या राज्याच्या पहिल्या राज्यपालांचे बालपण कमच्छ्याच्या या शाळेत गेले होते. या ऋणाची फेड मात्र आपण आगाऊच केलेली होती. कारण ज्या ‘आज’चे ते संपादक होते, त्याच ‘आज’ला अखिल हिंदी जगतात मान मिळवून दिला तो बाबूराव विष्णु पराडकर यांनी. पराडकरांचा जन्म १८८३ साली काशीतल्या मराठी कुटुंबात झाला. हिंदी वृत्तपत्रसृष्टीस भाषेचे वळण लावणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन हे याच संस्थेच्या महाविद्यालयीन शाखेत शिकले व तेथेच काही काळ अर्थशास्त्राचे अध्यापकही होते. १९४२ च्या लढ्यातील त्यांचे भूमिगत कार्य सर्वश्रुत आहे. त्यांचा देह १९९२ साली पडला, तोही काशीतच.

तथापि, ज्या विद्यार्थ्यासाठी हा लेख आम्ही मुख्यतः लिहीत आहो, तो निराळा. त्याच्याकडे वळण्यापूर्वी काशीतील मराठी गणितपरंपरेविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. गोदातीरीच्या गोळग्रामाहून काशीत आलेल्या ज्योतिषी घराण्यातील कमलाकर याने १६५८ साली येथेच ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ हा ग्रंथ रचला. त्यानंतर जवळजवळ दोन शतकांनी, १८४२ साली, पुण्यात जन्मलेले बापूदेवशास्त्री परांजपे येथील संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. त्यांनी सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर केले आणि भास्कराचार्यांच्या गणितात कलनाची बीजे आहेत, हे पाश्चात्त्य पंडितांस दाखवून दिले. या माळेतील पुढचा मणी म्हणजे विष्णु वासुदेव नारळीकर. कोल्हापूरच्या या तरुणाने केंब्रिजला रँग्लर ही पदवी मिळविली होती. मालवीयजींच्या निमंत्रणावरून वयाची पंचविशी उलटण्यापूर्वीच, १९३२ साली, ते काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले व सुमारे अठ्ठावीस वर्षे येथे राहिले. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचा अभ्यास या देशात रुजविणाऱ्यांत त्यांची गणना होते. १९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण नोकरी सोडून, पदरच्या बचतीवर, बायकोमुलीसह काशीस येऊन त्यांच्या हाताखाली शिकले. प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे जे गणित वैद्यांनी मांडले, ते आजही त्यांच्याच नावाने जगात ओळखले जाते.

या नारळीकरांचे ज्येष्ठ चिरंजीव जयंत. जन्म १९ जुलै १९३८, कोल्हापूरचा. परंतु बालपण सारे काशीचे. विश्वविद्यालयाच्या परिसरात घर, आणि शाळा कमच्छ्याची. शाळेत शिक्षणाचे माध्यम हिंदी होते, घरी बोली मराठी. मातुःश्री सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. मराठी हा विषय त्या शाळेत नव्हता. वडिलांनी घराच्या भिंतींत मुलांसाठी दोन फळे बसवून घेतले होते. एम्. एस्सी.चा अभ्यास करण्यासाठी मामा मोरेश्वर हुजूरबाजार काही काळ त्यांच्याकडे राहावयास आले. भाच्याची गणितातील गती पाहून ते फळ्यावर ‘जयंतसाठी आव्हान’ अशा अर्थाचा मथळा घालून एखादे कोडे लिहून ठेवीत. कोडे सुटेपर्यंत, किंवा भाचा हार मान्य करीपर्यंत, ते पुसले जात नसे. हार मान्य करण्याचे प्रसंग भाच्याने फार येऊ दिले नाहीत. शाळेच्या अभ्यासक्रमाबाहेरचे हे गणित होते. त्याला गुण नव्हते, बक्षीस नव्हते, परीक्षाही नव्हती. पुढे जगाने जो गणिती पाहिला, त्याची घडण वर्गात झाली तितकीच या फळ्यासमोर झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढील वृत्तांत वाचकांस ठाऊक आहेच; तो संक्षेपाने सांगतो. १९५७ साली काशी हिंदू विश्वविद्यालयाची बी. एस्सी., तेथून केंब्रिज. १९५९ साली वडिलांप्रमाणेच रँग्लर. फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन व १९६३ साली पीएच्. डी. १९६४ साली गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्यांचे नाव साऱ्या जगाच्या वृत्तपत्रांत झळकले. १९६५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण. १९७२ साली ते मायदेशी परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९८८ साली पुण्यास ‘आयुका’ या संस्थेचे ते संस्थापक-संचालक झाले. २००४ साली पद्मविभूषण. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

परंतु आपणांसारख्यांच्या दृष्टीने यापेक्षाही मोलाची गोष्ट पुढेच आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. त्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ नावाच्या एका अज्ञात लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. हा जगताप म्हणजे खुद्द जयंत विष्णु नारळीकर. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते, आणि हस्ताक्षर परीक्षकांच्या ओळखीचे निघू नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहवून घेतली होती. आपल्या कीर्तीच्या आधाराने नव्हे, तर कथेच्या गुणांवरच निवाडा व्हावा, ही त्यामागील दृष्टी. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ ही पुस्तके त्यानंतरची. बनारस, केंब्रिज, मुंबई व पुणे या चार नगरांच्या आठवणी सांगणाऱ्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रास २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्याने शाळेत मराठीचा एकही तास केला नाही, ज्याचे शालेय शिक्षण हिंदीतून आणि उच्च शिक्षण इंग्रजीतून झाले, तारुण्याची पंधरा वर्षे ज्याची इंग्लंडात गेली, तो मनुष्य मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत कशाच्या बळावर पोहोचला? ही मराठी कमच्छ्याच्या शाळेने दिली नाही, विश्वविद्यालयाने दिली नाही आणि केंब्रिजने तर नाहीच नाही. ती घराने दिली. गणिताचा फळा जसा घरात होता, तशी भाषाही घरात होती. शाळेने विद्या दिली, शिस्त दिली, हिंदी भाषेचे दुसरे दालन उघडून दिले. त्याबद्दल कृतज्ञता हवीच. विज्ञान मातृभाषेतून शिकविले जावे, असे मत ते पुढे आग्रहाने मांडीत, त्यामागेही हाच अनुभव असावा.

आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत आहो, आणि दर तीनचार वर्षांनी बिऱ्हाड हलविणे आमच्या कपाळी लिहिलेले आहे. आमच्यासारख्या कुटुंबांत मुलांच्या शाळेचा प्रश्न सर्वांत आधी येतो, आणि त्या शाळेत मराठी नसते हे गृहीतच असते. अनेक घरांत आज मुले मराठी समजतात, थोडीफार बोलतात. परंतु आजीचे पत्र वाचावयाचे म्हटले की अडखळतात. देवनागरी तर त्यांना हिंदीमुळे येतेच, मग अडते कोठे? अडते ते एवढ्यावरच की, हे काम कोणाचे हे आपण ठरविलेले नाही. शाळा ते करणार नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षा बाळगणेही रास्त नव्हे. नारळीकरांचे घर असामान्य विद्वानांचे होते, आपली घरे साधी आहेत, असा आक्षेप कोणी घेईल. तो अंशतः खरा आहे. प्रत्येक घरात रँग्लर नसतो, संस्कृतची विदुषी नसते. परंतु भिंतीवरच्या फळ्यास विद्वत्ता लागत नाही. खडू लागतो आणि रोज काही नवे लिहिण्याची चिकाटी लागते. दररोज एक मराठी परिच्छेद मुलाकडून मोठ्याने वाचून घेणे, सुटीत गावाकडील आप्तांस चार ओळींचे मराठी पत्र लिहावयास लावणे, यांस पैसा लागत नाही की पदवी लागत नाही.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाटके केली, हळदीकुंकवाचे समारंभ केले, अडल्यानडल्या यात्रेकरूंस आधार दिला. दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो व त्यांच्या गुणांचे आकडे वाचून दाखवितो, तेही उचितच आहे. आमची एक नम्र सूचना आहे. यापुढे त्या सत्काराच्या वेळी प्रत्येक मुलाने किंवा मुलीने व्यासपीठावर येऊन स्वतः लिहिलेला मराठी मजकूर, पाच वाक्यांचा का होईना, वाचून दाखवावा, आणि त्यातील निवडक मजकूर मंडळाच्या वार्षिक अंकात छापावा. गुण शाळेचे असतात, ही पाच वाक्ये घराची असतील. मंडळाचा हीरक महोत्सव साजरा होईल तेव्हा स्मरणिकेतील लेख आजच्या या मुलांनी लिहावेत, आणि ते मराठीत असावेत, एवढीच श्रीविश्वनाथचरणी प्रार्थना.